मा. विभागप्रमुख मॅडम

पैज लागली बुधवारी सकाळी, भागूबाईच्या भाजीच्या गाड्यापाशी, आणि तीही मिशीवर.

एन-सहा वसाहतीच्या त्या गल्लीत मिशी म्हणावी अशा मिशा दोनच. एक रामकिसनची, मेंदी लावलेली, टोकं वर केलेली. दुसरी त्याच्या समोर राहणाऱ्या कडुबाची. एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडून रिटायर झालेला कडुबा मिशी रंगवायची डबी पार शहागंजातनं आणायचा, कारण कोपऱ्यावरच्या दुकानातनं घेतली तर गल्लीला कळंल. गल्लीला कळायचं ते कळलंच होतं.

"रविवारच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा कोण?" कडुबानं वांगं दाबत विचारलं.

"दाबू नका वांगी," भागूबाई म्हणाली.

"कंपनीच्या विभागप्रमुख मॅडम," रामकिसन म्हणाला. म्हणताना त्यानं मान अशी ताणली की जशी काय मॅडम त्याच्याच हाताखाली कामाला हायती.

"आल्या बरं मॅडम! अरे, वाळूजची कंपनी ती. एवढा मोठा माणूस रविवारी झोप सोडून तुझ्या गल्लीत नारळ घ्यायला येतो व्हय? ड्रायव्हर येईल गुच्छ घेऊन. लिहून ठेव."

"येणार. पत्राचं उत्तर आलंय. सहीशिक्क्यानिशी."

"सहीशिक्का काय माझ्याकडं बी हाय."

"कडुबा, मॅडम येणार, आन मी माझ्या हातानं सत्कार करणार. नाय झालं तर मिशी काढीन. मांडवातच."

कडुबानं वांगं खाली ठेवलं. "आन झालं तर माझी काढतो. पार्लरवाल्या माऊलीला वस्तऱ्याची पेटी घेऊन बोलवायचं, समद्यांसमोर. भागूबाई, तू साक्षीदार."

"मी साक्षीदार, पण आधी वांगी घ्या," भागूबाई म्हणाली. "दाबून दाबून भरीत केलं तुमी."

रामकिसनला निरोप समारंभाचा नादच होता. बिडकीनची जमीन कारखान्यांत गेली, शहरात घर झालं, आणि हाताला काम राहिलं नाही. तेव्हापासनं मित्रमंडळाचा अध्यक्ष म्हणून गल्लीतनं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला तो रीतसर वाटंला लावायचा. मांडव, माइक, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, आभार. मागच्या साली लाइटचं मीटर बघणाऱ्या पोराची बदली जालन्याला झाली, तर त्यालाही शाल. ते पोरगं बिचारं रीडिंग घ्यायला आलं होतं, दीड तास अडकून पडलं.

निरोप न घेता या गल्लीतनं एकच माणूस गेलं होतं. रामकिसनची लेक श्रेया. चार वर्षांपूर्वी सकाळी आठला स्कूटीवर ड्युटीला गेली, आणि दुपारी घरच्यांच्या मोबाइलवर फोटो आला: बुद्धविहारात, पांढऱ्या साडीत, बाजूला तिच्या तेव्हाच्या कंपनीतला अतुल. रामकिसननं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी तहसीलमध्ये सव्वादोन तास रांगेत उभं राहून त्यानं रेशनकार्डावरनं तिचं नाव कमी करून आणलं. श्रेया तिथनं पुढं वाळूजला राहायला गेली. घरापासनं अंतर वीस किलोमीटरच्या आत.

आणि आता ज्या पोरीसाठी मांडव पडणार होता, ती फिनलंडची. आयनो. वाळूजच्या कंपनीत दहा आठवड्यांची इंटर्नशिप करायला आली, रामकिसनच्या माडीवर भाड्यानं राहिली, कुणाशी चार शब्दांच्या वर बोलली नाही, आणि रविवारी निघाली होती. अशा पोरीला गल्ली डोक्यावर घेऊन वाटंला लावणार, आणि सख्खी लेक वाळूजला. पण हे रामकिसनपुढं बोलायची कुणाची टाप?

कंपनीला पत्र लिहिलं होतं सुनेनं, मोनिकानं. ती इंग्रजी शाळेत शिकवते, त्यामुळं मंडळाचा सगळा पत्रव्यवहार तिच्या गळ्यात. रामकिसननं सांगितलं, तिनं टाइप केलं: मा. विभागप्रमुख मॅडम, आपण प्रमुख पाहुण्या म्हणून उपस्थित राहावे. नाव कुणी विचारलं नाही. रामकिसनच्या मते नावानं काय व्हतंय, हुद्दा मोठा पाहिजे.

पाकीट तिनं आयनोच्या हातात दिलं. "तुझ्या मॅडमला दे."

"श्रेया मॅमला," आयनो म्हणाली.

"कोण श्रेया?"

आयनोनं मोबाइल पुढं केला. मशिनीसमोर, डोक्यात निळं हेल्मेट, बाजूला आयनो. मोनिकानं फोटो नीट बघितला. नणंद चार वर्षांत जरा सुटली होती, आणि चष्मा लागला होता. पण हनुवटी तीच, रामकिसनची.

पाकीट परत घ्यायला एक क्षण होता. मोनिकानं त्या क्षणात पाकिटाला अजून एक स्टेपलची पिन मारली आणि म्हणाली, "सांभाळून ने."

ही बातमी पोटात घेऊन तिनं कंपनीचं उत्तर येईस्तोवर कसेबसे दिवस काढले. उत्तरावर नाव नव्हतं, नुसती गिचमीड सही आणि हुद्द्याचा शिक्का. पैज लागली त्या बुधवारी संध्याकाळी ओट्याशी सासू भाकरी थापत होती, तिथं ती जाऊन उभी राहिली.

"आई, रविवारी पाहुणी कोण येणार, ठावं हाय का?"

"श्रेया," लक्ष्मीबाई म्हणाली. भाकरीवरचा हात थांबला नाही.

"तुमाला कुणी सांगितलं?" मोनिका म्हणाली.

"डब्यानं."

"आँ?"

"ही आयनो दोन डबे नेती ना रोज? गल्लीत बायका म्हणत्यात, गोरी लई खाती. अगं ती चिमणीएवढं खाती. दुसरा डबा श्रेयाचा. पहिल्याच आठवड्यात आयनोनं तिथं माझी शेंगदाण्याची चटणी उघडली. वासावरनं तिनं वळखलं. त्या दिवशी रिकाम्या डब्यात चिठ्ठी आली. 'आई, मीठ कमी.'" लक्ष्मीबाईनं भाकर तव्यावर टाकली. "तव्हापासनं मी दोन डबे भरती. मागल्या महिन्यात चिठ्ठी आली, 'बढती मिळाली, आता विभाग माझ्याकडं.' मला वाचायला वेळ लागला. दोनदा वाचली."

"आन मला एका शब्दानं बोलला नाय तुमी?"

"तू पत्रावर टाचणी मारली तव्हा मला बोलली व्हय?"

मोनिका हसली. मग लक्ष्मीबाईच्या तोंडाकडं बघून थांबली.

"रविवारी ही पोरगी गेली की डबा कोण नेणार, मोनिका? चिठ्ठी बंद, समदं बंद. आन मला आता चिठ्ठीनं भागत नाय. लेक माझ्या डोळ्यापुढं जेवायला बसलेली पाहिजे. एकदा तर एकदा."

तेरा वर्षांत सासूसुनेचं एकमत झालेला हा पहिलाच विषय. मिठापासनं ते पंख्याच्या स्पीडपर्यंत बाकी सगळ्यावर दोघींचं वाजायचं.

"ऋतुराजला सांगायचं का?" मोनिकानं नवऱ्याबद्दल विचारलं.

"रविवारी सांग. त्याच्या पोटात पाणी राहत नाय."

रविवारी सकाळी ऋतुराज शिडीवर चढून फ्लेक्स बांधत होता. वर आयनोचा फोटो, बाजूला रामकिसनचा तिच्यापेक्षा मोठा फोटो, खाली गल्लीतल्या तेवीस शुभेच्छुकांची मुंडकी, आणि लाल अक्षरात 'प्रमुख पाहुण्या : मा. विभागप्रमुख मॅडम'. मोनिकानं शिडी धरली आणि खालनं हळूच सांगितलं.

ऋतुराजची दोरी सुटली. रामकिसनचा फोटो एका बाजूनं लोंबायला लागला.

"येडी झाली का? बाबा मांडवातच आडवे होतील!"

"शिडी हलवू नका."

"मी बाबांना सांगतो. आत्ताच सांगतो."

"सांगा. आन हे बी सांगा, की बहिणीशी बोलत नाय म्हणणारा माणूस तिचं स्टेटस रोज सगळ्यात आधी बघतो. तिला तिथं नाव दिसतं, अहो. फिनलंडच्या पोरीला बी माहिती हाय."

ऋतुराज शिडीवरनं उतरला. घरात गेला. रामकिसन आरशापुढं उभा राहून भाषण पाठ करत होता: "आज आपल्या घरातली लेक सातासमुद्रापार चालली आहे..."

"बाबा..."

"थांब. 'पार चालली आहे, आणि माझा कंठ दाटून...' काय?"

ऋतुराजनं बापाकडं बघितलं. मेंदी ताजी होती, मिशीची टोकं नवरदेवासारखी. "काय नाय. माइक लावू का विचारत होतो," तो म्हणाला. बाहेर येऊन त्यानं शिडी चढून फ्लेक्सची चौथी दोरी करकचून बांधली. घरात आता तिघं एका बाजूला होते, आणि रामकिसन एकटाच भाषणात.

अकराचा कार्यक्रम. साडेअकरा झाले तरी पाहुण्या नाहीत. सूत्रसंचालन कडुबाकडं होतं, आणि माणूस असा खुशीत की माइक त्याच्या हातनं सुटंना.

"प्रमुख पाहुण्या कुठल्याही क्षणी येतील असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. दरम्यान माऊली जेन्ट्स पार्लरचे माऊली यांनी पेटी घेऊन पहिल्या रांगेत बसावं, ही विनंती."

माऊली खरंच येऊन बसला. हशा झाला. रामकिसन खुर्चीत हलला नाही, पण बोटं मिशीवर गेली. स्टेजवर टेबल, टेबलावर दोन शाली आणि दोन नारळ: एक जोडी पाहुण्यांची, एक आयनोची. आयनो लक्ष्मीबाईनं नेसवलेल्या साडीत एखाद्या खांबाला गुंडाळल्यासारखी ताठ बसली होती. दोन वाजता तिला मुंबईला न्यायला गाडी येणार होती.

मग गल्लीच्या तोंडाला एक पांढरी कार थांबली. एक बाई उतरली. सुती साडी, चष्मा, गळ्यात कंपनीचं कार्ड. ती चालत मांडवाकडं आली, आणि मागच्या रांगेपासनं पुढच्या रांगेपर्यंत गल्लीचं बोलणं बंद होत गेलं.

"अगं बाई," भागूबाई म्हणाली, "ही तर आपली श्रेया."

कडुबाच्या हातातला माइक चालूच होता. त्यातनं सगळ्या गल्लीला त्याचा श्वास ऐकू आला.

श्रेया स्टेजच्या पायरीशी थांबली. वाळूजपासनं इथवर तिनं वाक्य पाठ करत आणलं होतं. कंपनीत दीडशे माणसं तिच्या सहीशिवाय एक खोकं बाहेर काढत नाहीत, पण ह्या तीन पायऱ्या तिला चढवंनात.

"नमस्कार," ती म्हणाली. "कंपनीतर्फे आले. पत्र होतं."

रामकिसन उठून उभा राहिला होता, हातात शाल. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग वर फ्लेक्सकडं बघितलं, जसं काय तिथं काही वेगळं छापलेलं निघंल. "पत्र... विभागप्रमुखांना होतं."

"मीच आहे."

"तू?"

"सव्वा महिना झाला. जाऊ का परत? गाडी चालूच आहे."

लक्ष्मीबाईनं पदर दातात धरला. ऋतुराज पुढं आला, खुर्ची सरकवली, आणि बापाच्या नजरंला नजर न देता म्हणाला, "ताई, बस." चार वर्षांत त्यानं तिच्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. ते पुरले. ती पायऱ्या चढली आणि बसली.

कडुबा वाकून रामकिसनच्या कानात कुजबुजला. माइक बंद करायचा त्याला सुचलं नाही, त्यामुळं कुजबूज दोन गल्ल्या पलीकडं गेली. "कर सत्कार रामकिसन. माझी गेली तर जाऊ दे. मी खुशीनं काढतो. पण कर."

रामकिसनचा हात शालीत तसाच. "आधी... आधी मनोगत होऊ द्या," तो म्हणाला. अध्यक्ष म्हणून त्यानं कार्यक्रमाचा क्रम आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता.

आयनो उठली. तिनं कागद आणला होता. ती एक वाक्य इंग्रजीत वाचायची आणि मोनिका ते मराठीत सांगायची.

"कंपनीत मी गुणवत्ता तपासायला शिकले. श्रेया मॅमनं शिकवलं. आमच्याकडं निरोप म्हणजे हात हलवायचा आणि जायचं. मला वाटलं, मी तसंच जाईन."

थांबली. पुढचं वाचलं.

"मी रोज दोन डबे नेले. सगळ्यांना वाटतं, मी दोन्ही खाल्ले. मी एक खाल्ला."

गल्लीत खसखस पिकली. लक्ष्मीबाईची मात्र नजर खाली. आता नवरा विचारणार, दुसरा कुणी खाल्ला.

"मला कारलं फार आवडतं," आयनो वाचत राहिली. मोनिका सांगता सांगता अडखळली, तिनं कागदात डोकावून बघितलं, की खरंच असंच लिहिलंय का. मग पुढं बोलली. "ज्या दिवशी कारल्याची भाजी असायची, त्या दिवशी काका मला गेटपाशी थांबवायचे. दुसरा डबा उघडायचे. त्यातलं कारलं काढून कागदात बांधायचे, आणि त्या जागी गूळ-शेंगदाणे भरायचे. माझ्या डब्यातलं कारलं कधी काढलं नाही. मी विचारलं, का? काकांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. आज मी जाते, म्हणून सांगते."

ती बसली.

लक्ष्मीबाई खुर्चीतनं उठली. "तुमाला ठावं होतं?"

रामकिसन हातातल्या शालीची घडी नीट करायला लागला.

"अहो, मी तुमाला विचारती! मी दहा आठवडे चोरून चोरून डबे भरले. आन तुमाला ठावं होतं?"

"मग काय," रामकिसन म्हणाला. "श्रेयानं जन्मात कधी कारलं खाल्लंय?"

"मग एका शब्दानं..."

"तू बोलली का? तू नाय, मी नाय." त्यानं श्रेयाकडं बघितलं. "तुझी पहिली चिठ्ठी माझ्याच हाती लागली, तव्हापासनं डबा जातो ते ठावं होतं. विभागप्रमुख झाली, ते मला कुणी सांगितलं नाय."

"तुम्ही विचारलं नाही, बाबा," श्रेया म्हणाली. "गूळ आला की मला कळायचं. आईनं डब्यात गूळ कधी दिला नाही. तिला वाटतं दात किडत्यात."

"किडत्यातच," लक्ष्मीबाई रडत रडत म्हणाली.

कडुबानं नाक शिंकरलं, तेही माइकवर, आणि सूत्रसंचालकाचा आवाज काढला. "तर आता प्रमुख पाहुण्यांचा सत्कार अध्यक्षांच्या हस्ते होईल. माऊली, पाणी काढ. माझी तयारी हाय."

रामकिसननं हातातली शाल उलगडली आणि आयनोच्या खांद्यावर घातली. मग टेबलावरची दुसरी उचलली. गल्लीनं मान पुढं काढली. त्यानं तीही आयनोच्याच खांद्यावर घातली. दोन्ही नारळ तिच्याच ओटीत.

"अरे अरे, एक पाहुण्यांची!" कडुबा म्हणाला.

"पाहुणा कुठाय?"

"ही काय बसली."

"ही?" रामकिसननं मांडवाकडं तोंड केलं. "घरच्या पोरीला कुणी शाल घालतं व्हय? ही पाहुणी नाय. प्रमुख पाहुणा काय आला नाय बाबा. कडुबा, तू म्हणत होता तेच झालं. पैज हारलो."

कडुबानं सकाळपासनं पहिल्यांदा आपणहून माइक बंद केला.

"कसली पैज?" श्रेयानं विचारलं.

भागूबाईनं साक्षीदार म्हणून सगळं सांगितलं, वांग्यांसकट. श्रेयानं बापाच्या मिशीकडं बघितलं. तिच्या जन्माच्या आधीपासनंची मिशी ती.

"मग काढा," ती म्हणाली. तिचा आवाज हसताना फुटला. "हारलेल्या माणसानं टाळाटाळ करू नये."

रामकिसन अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. माऊलीनं गळ्याभोवती फडकं बांधलं, फेस केला. आयनोला काय चाललंय ते कळलं असंल-नसंल, पण दोन शाली पांघरून, घाम गाळत, तिनं आरसा धरला. सगळ्या गल्लीचे मोबाइल वर झाले. वस्तरा डाव्या बाजूनं फिरला आणि मेंदीचं अर्धं टोक रामकिसनच्या मांडीवर पडलं. लक्ष्मीबाई श्रेयाचा हात धरून घराकडं ओढत होती, की तू आधी दोन घास खा, कार्यक्रम काय पळून जात नाय, आणि श्रेया म्हणत होती, थांब की आई, हे बघू दे मला.

"माऊली, थांब जरा," रामकिसन म्हणाला. त्याला फेसाच्या वरनं गल्लीचं तोंड दिसत होतं. "ती पांढरी गाडी उन्हात उभी हाय. आत कोण बसलंय?"

वर झालेले मोबाइल खाली आले.

"ऋतुराज, तुला विचारतोय."

"अतुल," ऋतुराज म्हणाला. "मघापासनं हाय. उतरत नाय."

रामकिसननं आरशात बघितलं. अर्धी मिशी होती, अर्धी नव्हती.

"जा, घेऊन ये त्याला. पण सावकाश आण, गप्पा मारत आण." त्यानं मान मागं टेकवली आणि उजवी बाजू पुढं केली. "उरक रे माऊली. पहिल्यांदा जावई येतोय घरी."